घोरपडीनं चढू नये

एका जंगलात वाघ अजून राज्य करत होता, आणि तो राजा आहे याची आठवण त्याला रोज सकाळी कुणाला तरी करून द्यावी लागत होती, तेव्हाची ही गोष्ट. मांडी घालून बसा. ज्याला चुळबुळ करायची असेल त्यानं उठून जावं. गोष्टीला काही फरक पडत नाही.

तर त्या जंगलात पाऊस चार महिने हटायचा नाही. जनावरं एका मोठ्या गुहेत अडकून पडायची. एकमेकांच्या ओल्या अंगाचा वास घेऊन घेऊन सगळी वैतागायची. कोण कुणाच्या शेपटीवर बसलं यावरून रोज भांडण.

एका वर्षी गुंडोपंत कोल्ह्यानं एक खेळ काढला.

खेळ सगळा तोंडी. पंत मध्ये बसून सांगायचे, "तुम्ही एका भुयारात उतरलात. समोर दार आहे. पलीकडून घोरण्याचा आवाज येतोय. काय करता?" मग बाकीच्यांनी आपापलं सांगायचं. "मी दाराला कान लावतो." "मी भिंतीवर चढते आणि वरच्या झरोक्यातून बघते." जमलं की नाही, ते फासे ठरवणार.

खेळ चांगला होता. उगाच नावं ठेवणार नाही. शेपटीवरची भांडणं बंद झाली. चार महिने कसे गेले कळलं नाही.

खेळात प्रत्येकाला एक वर्ग असायचा. "वर्ग हं, जात नव्हे," असं पंत कुणी न विचारताच सांगायचे. वर्ग तीन. लढवय्या, मांत्रिक आणि भगत. कुणी काय व्हायचं ते ज्याच्या त्याच्या मनावर नव्हतं. सागाच्या लाकडाचे तीन फासे होते. ते पहिल्यांदा टाकले की बळ ठरायचं, दुसऱ्यांदा टाकले की बुद्धी, मग भक्ती, मग चपळाई. जे पडेल ते पंत ज्याच्या त्याच्या पानावर लिहायचे; ते पदरात घ्यायचं.

चिंधू नावाचा ससा होता. त्याला बळ पडलं सतरा. तो लढवय्या झाला. पंतांनी खेळाच्या नियमांचं एक पुस्तक केलं होतं; त्यात पहिल्याच पायरीवरच्या, अगदी नवख्या लढवय्यालाही 'मुरलेला' म्हणत. चिंधू जन्मात कुणाशी लढला नव्हता. तरी मुरलेला.

तुळाजी अस्वलाला बळ पडलं पाच. त्यानं स्वतःच्या पंजांकडे बघितलं, मग फाशांकडे बघितलं. पण भक्ती पडली सोळा. तो भगत झाला.

"भगतानं धारदार काही वापरायचं नाही," पंत म्हणाले. "रक्त सांडायचं नाही."

"मग शत्रू आला तर?"

"सोट्यानं टाळकं ठेच की. त्याला ना नाही."

"टाळकं ठेचल्यावर रक्त सांडत नाही?"

"पुस्तकात नाही सांडत."

सगुणा नावाची घोरपड होती. तिला बुद्धी पडली पंधरा. ती झाली मांत्रिक. मांत्रिकाला दिवसाला एक मंत्र. तो एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जाणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा. सगुणाला कुठला मंत्र मिळाला? निद्रामंत्र. म्हटला की समोरचे झोपणार.

राहिला आबाजी कासव. त्याला बळ तीन, बुद्धी सहा, भक्ती सहा. आणि चपळाई? अठरा! तीनही फासे सहावर. गुहेत एवढं हसू उसळलं की वटवाघळं उडून पावसात गेली.

"आबा," पंत म्हणाले, "तुमचं पुढं बघू. तोवर मशाल धरा."

आबाजीनं मशाल धरली. वयस्कर, सज्जन प्राणी. कशालाच नाही म्हणायचा नाही.

पाऊस संपला. जनावरं बाहेर पडली. सगुणा काळ्या कड्यावर चढली. घोरपडीला कडा म्हणजे काय, तुम्हाला ओसरी. अर्ध्या कड्यावर एक बीळ होतं. त्यात तिनं सात अंडी घातली आणि बिळाचं तोंड ओल्या चिखलानं लिंपून टाकलं. साप येऊ नये, मुंगूस येऊ नये. तो चिखल वाळून दगडासारखा होतो. पिल्लांना आतून फुटत नाही. पळस फुलला की आईनं वर चढायचं आणि बाहेरून फोडायचं. घोरपडींची रीत ही अशी.

इथवर सगळं ठीक होतं.

पण त्या पावसात वाघ महाराजही गुहेत होते. आता महाराजांची एक अडचण होती. जंगलात कोण काय करतं हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही. हरणाला ते मासे पकडायला सांगायचे. त्यांना हा खेळ फार आवडला.

"पंत, हे सुटसुटीत आहे," महाराज म्हणाले. "प्रत्येकाचं एक पान. पानावर लिहिलंय, हा काय करतो. मग आम्ही पान बघू, जनावर बघायची गरज नाही. हेच चालू ठेवा."

"म्हणजे खेळ, महाराज?"

"खेळ कसला? राज्य!"

झालं. दुसऱ्या दिवशी दवंडी. प्रत्येकानं आपापल्या वर्गाप्रमाणे वागावं. वर्गाबाहेरचं काम करताना जो दिसेल त्याचं पान फाडलं जाईल. पान फाटलेल्या कुठल्याही जिवंत प्राण्याला आणि त्याच्या पिल्लांना पाणवठ्यावर पाणी मिळणार नाही.

महाराजांना स्वतःला पान नव्हतं. त्यांनी फासे टाकलेच नव्हते. कोण टाकायला सांगणार?

मग काय काय झालं म्हणून सांगू! चिंधू ससा रोज सगळ्यांच्या पुढे चालायचा, कारण लढवय्यानं पुढे चालायचं असतं. कान आडवे, पाय लटपटताहेत, पण पुढे. तुळाजी वारुळाशी जायचा, दोन्ही पंजे पाठीशी बांधल्यासारखे धरायचा आणि तोंडात सोटा धरून वारूळ बडवायचा. वाळवी खाली पळून जायची, माती नाकात जायची. शिवाय बळ पाच असल्यानं तो वाकून, कण्हत चालायचा. पहिले आठ दिवस नाटक. नंतर त्याची कंबर खरंच दुखायला लागली.

सगुणाचं वेगळंच झालं. पानावर लिहिलं होतं, 'मांत्रिकास वाचता येते.' आणि तिला तर अक्षरओळख नव्हती.

"येतं म्हणून लिहिलंय," पंत म्हणाले. "म्हणजे येतंच."

"येत नाही ना पण!"

"मग तुमचं पान खोटं ठरेल, आणि खोटं पान फाडावं लागतं."

आता आली का पंचाईत? पण सगुणा हातपाय गाळणाऱ्यातली नव्हती. पंत रोज सकाळी पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचे. ती त्यांच्या समोर जाऊन बसायची आणि त्यांचं बोट कुठं फिरतं ते बघायची. कुणी शिकवलं नाही. थंडी संपेस्तोवर तिला सगळं पुस्तक वाचता यायला लागलं. फक्त उलटं धरून. समोरून शिकली होती ना! पुस्तक सुलट दिलं की तिला एक अक्षर लागायचं नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. पुढून मागून, कोपऱ्यातल्या टिपांसकट. जंगलात एवढं कुणी वाचलं नव्हतं. लिहिणाऱ्यानंसुद्धा.

मग एक दिवस महाराजांनी पानं मोजली. एक कमी.

"आबाजीचा वर्ग कुठं आहे?"

पंतांची तंतरली. त्यांनी एका दुपारीत पुरवणी लिहून काढली. तीत चौथा वर्ग. चोर.

"चोर?" आबाजीनं मान बाहेर काढली. "पंत, मी आयुष्यात कुणाचा पालापाचोळासुद्धा विचारल्याशिवाय खाल्ला नाही हो."

"शब्दावर जाऊ नका, आबा. अधिकार बघा. भिंतीवर चढणे. दाराला कान लावणे. बंद असेल ते उघडणे. सावलीत लपणे. हे सगळं तुमचं. आणि फक्त तुमचं."

सगुणा पुढे सरकली. "फक्त म्हणजे? चढणं आम्हाला नाही?"

"नाही."

"अहो, घोरपड आहे मी! दोर बांधून माझ्या पाठीवरून माणसं गड चढली म्हणतात."

"ऐकीव गोष्ट. पुस्तकात नाही."

"मी काल चढले होते."

"काल पुरवणी नव्हती."

"पंत, मला चढता येतं हो. बघा!" तिनं झाडाला नख लावलं.

"सगुणाबाई, पाय खाली. सगळ्यांनाच चढता यायला लागलं तर चोराकडे राहिलं काय? एकेकाची कला असते. तिचा मान ठेवायला शिका."

आबाजी बिचारा खाली मान घालून उभा. त्याला आजवर दगडावर चढायचं तर मागून कुणी तरी ढकलावं लागायचं.

आणखी एक गोष्ट पुरवणीत होती. वाघ आणि कोल्हे यांना कितीही पायऱ्या चढता येतील. घोरपड, अस्वल, ससा, कासव आणि बाकी कुणालाही चौथ्या पायरीच्या वर जाता येणार नाही.

"का?" तुळाजीनं विचारलं.

"त्यांच्यात तेवढं नसतं," पंत म्हणाले. "पण हा वर्गाचा प्रश्न आहे हं, जातीचा नव्हे."

आणि मग पळस फुलला.

पहिल्या कळीला सगुणा कड्याखाली जाऊन उभी राहिली. वर बघितलं. बीळ तसंच, लिंपलेलं. तिनं कड्याला कान लावायचा नाही म्हणून नुसता कान जवळ नेला. खरवड, खरवड, खरवड. सात जोड्या नखांचा आवाज दगडातून खाली येत होता. अंडी फुटली होती. हवा फार तर दोन दिवसांची.

कड्याखाली रात्रंदिवस पहारेकरी असायचा. चढली आणि त्यानं पाहिलं, तर पान जाणार. पान गेलं तर पोरांना पाणी नाही. नाही चढली, तर पाणी प्यायला पोरंच नाहीत. सांगा आता, काय करायचं? अं? गप्प बसलात ना? तीसुद्धा गप्प बसली. पण थोडाच वेळ.

ती महाराजांकडे गेली.

"महाराज, माझी पोरं बिळात कोंडलीत. मला चढू द्या. एकदाच."

महाराजांनी तिचं पान मागवलं. बघितलं. "मांत्रिक. चढण्याचं काही दिसत नाही. पण घाबरू नकोस. आपल्या राज्यात चढणारा आहे. पंत, कोण तो?"

"आबाजी कासव, महाराज."

"छान. उद्या सकाळी त्याला चढवा. आम्ही स्वतः बघायला येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जंगल काळ्या कड्याखाली जमलं. महाराज सावलीत बसले. चिंधू सगळ्यांच्या पुढे थरथरत उभा राहिला. आबाजीला फुलांची माळ घातली, ती त्याच्या पाठीवरून घसरून पडली, पुन्हा घातली.

"सगुणाबाई," तो हळूच म्हणाला, "मला माफ करा. मला नाही हो जमणार."

"ठाऊक आहे, आबा. तुमचा काय दोष?"

पंतांनी मडकं पुढे आणलं. मडक्यात शंभर चिंचोके. त्यातले सत्त्याऐंशी घासून पांढरे केलेले. "पहिल्या पायरीच्या चोराला शंभरात सत्त्याऐंशी वेळा भिंत चढता येते. पांढरा निघाला की चढला." डोळे मिटून हात घातला. पांढरा.

"चढला!" पंत ओरडले. "आबाजी वर पोहोचला!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी माना वर करून कड्याकडे बघितलं. आबाजी त्यांच्या पायाशीच होता. त्यानंही मान वर करून बघितलं.

"वा!" महाराज म्हणाले. "काय चपळाई!"

"आता बीळ उघडणे. त्याला पांढरे पंधराच." पंतांनी चिंचोके बदलले, हात घातला. तपकिरी निघाला.

पंतांनी चिंचोका सगळ्यांना दाखवला.

"नाही उघडलं," पंत म्हणाले.

"पुन्हा काढा," सगुणा म्हणाली.

"एकदा हुकलं की पुढची पायरी मिळेपर्यंत पुन्हा प्रयत्न नाही. कलमच आहे तसं."

"पुढची पायरी कधी?"

"येत्या पावसानंतर बघू."

सगुणाच्या गळ्याखालची कातडी फुगली. वरून आवाज येतच होता. पण आता सातांचा नव्हता. पाचांचा असेल, चारांचा असेल.

तुळाजीला राहवलं नाही. "अहो पंत, हे माझे पंजे बघा! चुटकीसरशी फोडीन. मला वर खांद्यावर घ्या कुणी तरी!"

"धारदार!" पंत गरजले. "भगत ना तू?"

तुळाजीनं पंजे पाठीशी घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाकात माती गेली म्हणाला.

तेव्हा सगुणा महाराजांसमोर जाऊन उभी राहिली. "महाराज, मी मांत्रिक आहे. आजचा माझा मंत्र शिल्लक आहे. म्हणू का?"

"वर्गातलं काम ना? मग अवश्य म्हण."

"पंत, निद्रामंत्राचं कलम वाचा जरा. मोठ्यानं."

पंतांनी पान काढलं. "'निद्रामंत्र. चौथ्या पायरीपर्यंतचे समोर असतील तेवढे सगळे झोपतात. एक घटका. या मंत्राला बचाव नाही…'" त्यांचा आवाज बारीक होत गेला. "अहो, पण हे भुयारात वापरायचं—"

"भुयारात असं लिहिलंय कुठं?"

नव्हतं लिहिलेलं. पंतांनी पान उलटून पाहिलं, पालटून पाहिलं.

"इथं चौथीच्या वर कुणी नाही," सगुणा म्हणाली. "तुम्हीच वर जाऊ दिलं नाही. तेव्हा सगळे झोपणार. महाराजांना मात्र पान नाही."

"मग आमचं काय?" महाराजांनी विचारलं.

"पुरवणीच्या मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरात आहे. ज्याचं पान नाही, त्याची पायरी शून्य."

महाराजांची मिशी हलली. "शून्य? पंत, शून्य म्हणजे सगळ्यांच्या वर की सगळ्यांच्या खाली?"

पंतांना घाम फुटला. "शून्य म्हणजे, महाराज… एकच्या आधी."

"म्हणजे आम्ही सगळ्यांच्या आधी."

"अर्थातच!"

"मग आधी आम्ही झोपणार," महाराज म्हणाले आणि पसरले.

राहिले पंत. ते छाती काढून उभे. "मी नवव्या पायरीवर आहे. मला मंत्र लागू होत नाही."

"असं?" सगुणा म्हणाली. "महाराज झोपणार आणि तुम्ही त्यांच्या उशाशी जागे राहणार? महाराजांपेक्षा नऊ पायऱ्या वर?"

महाराजांनी एक डोळा उघडला.

पंत इतक्या झटक्यात आडवे झाले की मडकं लवंडलं.

सगुणानं मंत्र म्हटला. मंत्र काय होता ते विचारू नका, अर्धा पुस्तकातला होता आणि अर्धा ती पोरांना निजवताना म्हणायची तो. सगळं जंगल झोपलं. म्हणजे डोळे घट्ट मिटून पडून राहिलं. महाराज खरंच घोरायला लागले. आबाजीनं मान, पाय, सगळंच आत घेतलं.

आणि सगुणा कड्याला भिडली.

पुरवणी आल्यापासून तिनं दगडाला नख लावलं नव्हतं. पहिल्या चार हातांत घसरली. खालून खडे पडल्याचा आवाज झाला. कुणी हललं नाही. मग नखांना आठवलं. सरसर वर गेली, ती थेट बिळापाशी. चिखल पार दगड झाला होता. उकरते, उकरते, फुटेना. नखातून रक्त आलं.

खालून कुणी तरी झोपेत बडबडल्यासारखं बोललं. "डावीकडून घे गं… वारुळाला कवच उजवीकडे जाड, ऊन लागतं ना तिकडून… डावीकडून, खालच्या अंगानं…"

"तुळाजी, गप!" चिंधू कुजबुजला. "झोपलायस तू!"

"झोपेत बरळतोय. त्याला वर्ग लागतो का?"

सगुणानं डावीकडून, खालच्या अंगानं नख घातलं. ढपला निघाला. मग सगळं तोंडच कोसळलं. आतून एक नाक आलं. मग दुसरं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातवं येईना. तिनं अर्धं अंग आत घातलं आणि शेपटीला धरून त्याला ओढून काढलं. ते मऊ, गार. तिनं त्याच्या नाकावर फुंकर मारली. आणखी एक. ते शिंकलं आणि तिला चावलं. चावलं म्हणजे चांगलं.

घटका भरली तेव्हा सगुणा खाली, आपल्या जागेवर. सगळे उठून बसले, आळोखेपिळोखे देऊन. आणि बघतात तर काय? सात पिल्लं. कड्यावरून डोकं खाली करून धावत येताहेत, एक महाराजांच्या पाठीवर, एक मडक्यात, दोन पंतांच्या शेपटीशी.

"ही पोरं कुणाची?" महाराज म्हणाले.

"सगुणाबाई!" पंत उसळले. "तुम्ही चढलात!"

"कुणी पाहिलं?"

पंतांनी चिंधूकडे बघितलं. "मी झोपलो होतो," चिंधू म्हणाला. "मुरलेला झोपतो तसा." तुळाजी म्हणाला, "मला तर स्वप्नसुद्धा पडलं."

"पण मग ही पोरं बाहेर आली कशी?"

"कुठली पोरं?" सगुणानं विचारलं.

"ही! ही काय, समोर!"

"पंत, चिंचोका तपकिरी निघाला. बीळ उघडलं नाही, असं तुम्हीच म्हणालात, भर सभेत. बीळ उघडलं नाही तर पोरं आतच राहिली. आत राहिली तर गुदमरली. आता तुमचंच पुस्तक खोटं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. महाराज ऐकताहेत."

महाराज खरोखर ऐकत होते. त्यांच्या कानाला एक पिल्लू लोंबकळत होतं.

पंतांनी पुस्तकाकडे बघितलं. पिल्लांकडे बघितलं. पुन्हा पुस्तकाकडे बघितलं. पुस्तक त्यांचं होतं, पिल्लं त्यांची नव्हती.

त्यांनी काटकी उचलली आणि लिहिलं, 'घोरपडीची सात पिल्ले. मृत.'

"अरेरे," महाराज म्हणाले आणि कानावरचं पिल्लू झटकलं. "फार वाईट झालं. सगळ्यांनी मिनिटभर शांत उभं राहा."

सगळे शांत उभे राहिले. मृतांपैकी चौघांनी तेवढ्यात पंतांचं शेपूट चावून पाहिलं. सगुणा मान खाली घालून उभी होती. तिचे खांदे हलत होते. बघणाऱ्यांना वाटलं, रडते आहे. थोडी रडतही होती. इतक्या दिवसांचं होतं ते.

"आणि तो शूर कासव?" महाराजांनी विचारलं. "अजून वरच का? त्याला उतरवा."

उतरायलाही चिंचोका लागतो. पंतांनी मडकं भरलं, हात घातला. सत्त्याऐंशी पांढरे, तेरा तपकिरी. निघाला तपकिरी.

पंतांचा चेहरा पडला. "पडला. एवढ्या उंचावरून. पानावर जीव तीनच होते, तिन्ही खर्ची पडले. गेला."

"कोण?" आबाजीनं विचारलं.

"तुम्ही, आबा."

पुन्हा मिनिटभर शांत उभं राहावं लागलं. आबाजीही राहिला. रीतीला तो कधी चुकत नसे.

दोन-तीन दिवसांनी तुळाजी सोटा तोंडात धरून, वाकून, कण्हत वारुळाकडे निघाला होता. वाटेत आबाजी भेटला. आवळ्याच्या झाडाखाली पडलेली फळं खात होता. ती फळं भगतांसाठी राखून ठेवलेली.

"आबा, कुणी अडवत नाही?"

"मेलेल्याला कोण अडवणार? पाणवठ्यावर गेलो. पहारेकऱ्यानं पुस्तक काढलं. नियम जिवंत प्राण्यांसाठी आहे म्हणे. मेलेल्यांचं काही लिहिलेलंच नाही. सोडलं मला."

"दुखतं का हो, मेल्यावर?"

"छे रे. उलट हलकं वाटतं. आता मला कुणी चढ म्हणत नाही."

"आणि ती पोरं?"

आबाजीनं मान वर केली. काळ्या कड्यावर सात पोरं पळापळी खेळत होती, भर उन्हात, भर सगळ्यांसमोर. पहारेकरी खालून बघत होता. काय करणार? त्यांना पान नव्हतं, वर्ग नव्हता, पायरी नव्हती. त्यांनी चढू नये हे कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

तुळाजीनं सोटा खाली टाकला. कंबर सरळ केली. कट्कन आवाज झाला. आणि तो तडक पंतांच्या दारात गेला.

"पंत, मला मारा."

"काय?"

"पुस्तकात हो. कसंही मारा. खड्ड्यात पाडा, राक्षसाला खाऊ घाला. पण आजच्या आज."

त्याच्या मागे चिंधू उभा होता. चिंधूच्या मागे साळिंदर, त्याच्या मागे हरणं, रानडुकरं, मुंगूस. रांग पार ओढ्यापर्यंत गेली होती. चिंधू तेवढ्यासाठी पहिल्यांदाच पुढे नव्हता. सगुणाचं पान अजून होतं. तीही रांगेत होती, हातात पुस्तक उलटं धरून. सगळ्यांना सांगत होती, लवकर मरायचं असेल तर कुठलं कलम सोयीचं पडेल ते.

पंतांनी पहिल्या दिवशी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की मेलेल्यांची कामं बघावी लागत नाहीत. मग ते भराभर लिहायला लागले.

महिन्याभरात जंगलात पुस्तकाप्रमाणे जिवंत असं एकच जनावर उरलं. पंत स्वतः. महाराजांना पान नव्हतंच.

एका सकाळी महाराज उठले. बाहेर अस्वल दोन्ही पंजांनी वारूळ उकरत होतं. ससे उलट्या दिशेनं पळत होते. कड्यावर घोरपडीच घोरपडी.

"पंत," महाराज म्हणाले, "ही एवढी गडबड कुणाची?"

"भुतं आहेत, महाराज."

महाराजांनी बराच वेळ बघितलं.

"भुतं बरीच सुखी दिसतात," ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.

तात्पर्य: नियम कधीही मोडू नये, मुलांनो. मोडणाऱ्याचं पान फाटतं. नियम शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचावा, पाळावा, आणि संधी सापडताच कागदावर मरून घ्यावं. नंतर जगायला कुणाची ना नसते.